एका शब्दाचं वाक्य

"काका, पण ती थांबते कशाला?" तालमीत नव्या मुलीनं प्रॉम्प्टरला विचारलं, आणि सगळे हसले. प्रॉम्प्टरही हसला. इतरांचं हसू ओसरायला लागलं की त्याचं सुरू व्हायचं, ही त्याची जुनी खोड. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्धं पाऊल पुढे राहून त्यांना शब्द पुरवणाऱ्या माणसाला स्वतःचं असं काही करायची वेळ आली की हटकून अर्धं पाऊल मागे राहायला होई. हसून झाल्यावर त्यानं मांडीवरच्या संहितेत पाहिलं. दुसऱ्या अंकाचं शेवटचं पान. त्यावर काय आहे ते झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं असतं, पण कुणी थेट प्रश्न विचारला की कागदात डोकं घालायची सवय, म्हणून पाहिलं. तिथे गृहस्थाचं वाक्य होतं : "आज थांबशील?" मग कंसात 'दीर्घ विराम'. मग मुलीचं वाक्य, एका शब्दाचं : "थांबते." का थांबते ते कुठेच नव्हतं.

"ती थांबते, कारण ती गेली तर प्रेक्षक तिसऱ्या अंकाचे पैसे परत मागतील," दादा म्हणाले, आणि मंडळी पुन्हा हसली. दादा म्हणजे कंपनीचे मालक, दिग्दर्शक आणि नाटकातले गृहस्थ. साठी उलटलेल्या या माणसाला नातवंडांच्या वयाची पोरंही दादाच म्हणत, आणि त्यांना ते आवडे. "तू प्रश्न विचारू नकोस, बाळ. जिथे अडतेस तिथे अडू नकोस, म्हणजे झालं. एवढा एक शब्द. पोपटालासुद्धा पाठ होतो."

"होईल, दादा," नवी म्हणाली.

"कधी? पडदा उघडल्यावर?" मग प्रॉम्प्टरकडे वळून ते म्हणाले, "काय हो पुटपुटे, हिचं पाठ झालं की सांगा मला. मी वाट बघतोय."

तो प्रश्न त्याच्याबरोबर जिना उतरला. तालमीची जागा फर्निचरच्या एका मोठ्या दुकानावर होती. जिन्यात कायम पॉलिशचा वास, आणि तळमजल्यावर काचेआड कुणीच कधी न झोपलेले पलंग. खरं तर प्रश्नात काही नव्हतं. नवख्या पोरी काहीबाही विचारतात. पण याआधीच्या पोरींनी हात कुठे ठेवू, मान कुठल्या शब्दावर वळवू, रडू खरं आणू की खोटं, असलं विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं, आणि जिन्याच्या वळणावर कठडा धरून तो उभा राहिला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की त्यानंही विचारलं नव्हतं. ज्याला आख्खं नाटक स्वल्पविरामांसकट येतं, प्रेक्षकांना खोकला कुठल्या वाक्यावर येतो तेही येतं, त्याला एवढं येत नव्हतं. ज्या घरात जन्म काढला त्यात एक खोली जास्तीची आहे, हे पाहुण्यानं येऊन सांगावं तसं झालं. आणि लगेच नेहमीची शंका आली. आपण उगाच खोलात जातोय. म्हातारपणी माणसाला कशातही काहीतरी दिसायला लागतं.

नाटक तसं साधंच. एक एकटा, मध्यमवयीन, खूप वाचलेला गृहस्थ, आणि त्याच्याकडे पुस्तकं न्यायला येणारी शेजारची मुलगी. पहिल्या अंकात ती पुस्तकं नेते, दुसऱ्या अंकात थांबते, तिसऱ्या अंकात शहाणी आणि दुःखी होऊन खिडकीशी उभी राहते. शेवटी गृहस्थाला एक लांबलचक स्वगत आहे, त्यात तो स्वतःच्या एकटेपणाबद्दल बोलतो आणि टाळ्या घेतो. मुलीचं काम करणारीला कंपनीत 'नवी' म्हणत. ती जुनी झाली तरी नवीच, आणि दुसरी नवी आली की तिला नाव उरत नसे. दादा मात्र तेच राहिले. केसांना रंग आला, गळ्याच्या सुरकुत्यांवर मफलर आला, खुर्चीतून उठताना हाताचा आधार घेणं हा अभिनयाचा भाग झाला. मुलगी अठराचीच राहिली. ती कशी वाढणार? वाढायला लागली की बदलत.

त्यानं हे नाटक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोही त्या मुलीच्याच वयाचा होता. सर्वांत मागच्या रांगेत, खांबामागे, अर्धवट दिसणाऱ्या जागी. तोवर तो पुस्तकांतच वाढला होता, आणि त्या पुस्तकांतून जग असंच होतं : एक घर, त्यात सुंदर आवाजाचा एक माणूस, आणि कशाचीच कल्पना नसलेली एक मुलगी. मग एक संध्याकाळ. मग मुलीला सगळं कळतं, आणि ते कळणं इतकं देखणं असतं, की वाचणाऱ्याला वाटतं, आपल्यालाही असंच कधीतरी सगळं कळावं. त्या रात्री विरामाच्या वेळी सगळं नाट्यगृह श्वास धरून बसलं होतं, आणि "थांबते" ऐकू आल्यावर जो सुस्कारा पसरला त्यात त्याचाही होता. त्याला प्रेम म्हणजे काय ते त्या सुस्काऱ्यातून समजलं, किंवा समजलं असं वाटलं. गोष्ट आपण कुणाच्या खुर्चीत बसून ऐकतोय, हे त्या वयात सुचत नाही. पुढेही सुचलं नाही. खांबामागच्या जागेवरून तो विंगेतल्या स्टुलावर आला, एवढाच काय तो प्रवास. तिथून गृहस्थाची पाठ दिसे आणि मुलीचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर अख्खी हयात नजर ठेवून बसणं हेच त्याचं काम होतं.

कारण प्रॉम्प्टरचं कसब शब्दांत नसतंच. शब्द छापलेले असतात. खरं कसब असतं ते विराम आणि अडणं यांतला फरक ओळखण्यात. नट मुद्दाम गप्प असला आणि तुम्ही शब्द दिलात, तर त्याच्यासारखं पाप नाही. तो अडला असला आणि तुम्ही गप्प बसलात, तर त्याच्यासारखा खून नाही. चेहऱ्यावरून हे कळत नाही, चेहरा खोटं बोलायला शिकलेला असतो. पाय पाहायचे. खरोखर अडलेल्या माणसाच्या पायाची बोटं आत वळतात, जमीन धरायला बघितल्यासारखी. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यानंही कुणाला सांगितलं नव्हतं. दादांच्या पंपशूतलीसुद्धा बोटं त्याला कातड्यावरच्या उंचवट्यावरून कळत. आणि या नवीचे पाय, अनवाणी, टेपनं आखलेल्या दिवाणखान्याच्या मधोमध, तो आठवडाभर बघत होता. सगळा अंक ती पाण्यासारखा म्हणायची. त्या एका शब्दाशी आली की गप्प. डोळे शून्यात, ओठ अर्धवट उघडे, अडलेल्या माणसाचं हुबेहूब चित्र. तो शब्द द्यायचा, ती म्हणायची, पुन्हा पहिल्यापासून. आणि तिच्या पायाची बोटं मोकळी असायची. सुट्टीच्या दिवशी वाळूत बसलेल्या माणसासारखी मोकळी.

हे त्यानं पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. अर्थ लावायचं म्हटलं की 'एकांता'चा विचार करावा लागला असता. कंपनीची ती जुनी रीत. नवीचं पाठ पक्कं झालं, की प्रॉम्प्टरनं तसं मालकांना सांगायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या प्रवेशाची तालीम फक्त दोघांची, दादा आणि नवी. चारचौघांत त्या प्रवेशातला जीव जातो, असं दादांचं म्हणणं. बाकीच्यांना सुट्टी, प्रॉम्प्टरलाही, कारण पाठ झालंय म्हटल्यावर त्याचं काय काम? एकांताला बसलेली नवी म्हणजे पास झालेली नवी. तिचं अभिनंदनही व्हायचं. काय होत असेल ते कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि त्याचा विचार करणं वेगळं. पहिल्यावर भागत असलं तर दुसऱ्याच्या वाटेला कोण जातो? त्याचं भागत आलं होतं. प्रत्येक नवीचं पाठ झाल्याचं त्यानंच सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते खरं होतं.

त्याची बायकोही एके काळी नवी होती. अगदी सुरुवातीच्यांपैकी. घरी तो पोचला तेव्हा ती मशीनवर बसून कुणाच्या तरी पॅन्टची लांबी कमी करत होती; कपडे लहानमोठे करून द्यायचं काम ती घरूनच करायची. एकाच कंपनीत असल्यापासून ती त्याला अरे-तुरे करायची, लग्नानंतरही ते बदललं नव्हतं. त्यानं स्वतःच पाणी घेतलं आणि पलंगाच्या कडेवर बसला. नवीचा प्रश्न तिला विचारावा असं त्याला दिवसभर वाटत होतं. त्या शब्दाबद्दल विचारायला त्याच्या ओळखीत तिच्याइतकं जाणतं कोण होतं? पण लग्न झाल्यापासून ती त्या नाटकाला कधी आली नव्हती, आणि त्यावरून कधी बोलणंही झालं नव्हतं. टाळल्यासारखं नव्हे. घरात एखादं कपाट उघडतच नाही, तसं.

"नवीन पोरगी एका जागी अडते," तो म्हणाला.

"अडू दे की. तुला त्याचाच पगार मिळतो."

"एकच शब्द आहे गं. 'थांबते'."

मशीन चालूच होतं. "मग?"

"मग काही नाही. मी बघतो, तर तिच्या पायाची बोटं मोकळी असतात. अडलेल्या माणसाची नसतात."

मशीन थांबलं. तिनं सुईखालचं कापड काढलं नाही, वळूनही पाहिलं नाही. "म्हणजे ती अडत नाहीये."

"तेच म्हणतोय मी. मग गप्प का राहते?"

"तू किती वर्षं करतोयस रे हे काम?" तिचा आवाज चिडका नव्हता. दमलेला होता, दुपारभर बारीक टाके घातल्यावर असतो तसा. "ती अडते तोवर तू तिथं असतोस. एवढं पण सांगायला लागतं?"

बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. पंपाचा आवाज एकसारखा येत राहिला.

"मीही अडायचे," ती म्हणाली. "त्याच शब्दाला. आठवतं?"

त्याला आठवत होतं. फार चांगलं आठवत होतं, पण वेगळंच आठवत होतं. तिला शब्द देताना ती विंगेकडे बघायची, आणि ते बघणं आपल्यासाठी आहे असं त्याला वाटायचं. तो तेव्हा तिच्यावर जीव टाकायचा, आणि तिच्या वाटेतली अडचण दूर करावी म्हणून घरी बसून विचार करायचा. मग एक दिवस तिच्या पायांकडे बघून त्याला कळलं, की हिचं पाठ आहे, ही नुसती घाबरते. आणि केवढ्या आनंदानं तो दादांना जाऊन म्हणाला होता, "हिचं पक्कं आहे, दादा. माझी गरज नाही." त्या दिवशी त्याला लवकर सुटी मिळाली. तो वाचनालयात गेला, खिडकीजवळची जागा मिळाली, आणि संध्याकाळपर्यंत एक प्रेमकथा वाचत बसला. पुस्तकाचा वाससुद्धा आठवत होता. पुढे हंगाम संपता संपता ती त्याला जिन्यात भेटली आणि म्हणाली, "तू लग्न करशील का माझ्याशी? तू फार बोलत नाहीस." त्याला वाटलं, नशीब उघडलं. आपल्यासारख्याला कोण विचारणार? त्यानं कारण विचारलं नाही. कारणं विचारायची त्याला कधी सवयच नव्हती.

"तू सांगितलंस, हिचं पाठ आहे म्हणून," बायको म्हणाली. "खोटं नव्हतं ते. पाठ होतंच."

"मला..."

"माहिताय. तुला माहीत नव्हतं." तिनं मशीनचं चाक हातानं थोडं फिरवलं, सुई वर आली. "लोक विचारायचे ना, ती मुलगी कशाला थांबते. पेपरात काय काय यायचं. निरागसपणा म्हणे, मोह म्हणे. अरे, ती कुठं काय म्हणते? आधी तू म्हणायचास, विंगेतून. मग मी म्हणायचे. पहिल्यांदा तो शब्द मी तुझ्याच तोंडून ऐकला." आणि थोड्या वेळानं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं, "दिवा लाव. दिसेना झालंय."

त्यानं दिवा लावला. जेवताना ती पॅन्टवाल्या माणसाबद्दल बोलली, तो एक पाय आखूड असल्यासारखा चालतो पण मापाला दोन्ही सारखेच भरतात म्हणून. तो हसला, यावेळी तिच्याबरोबरच. तिनं काही मागितलं नव्हतं, काही सुनावलंही नव्हतं, आणि हेच त्याला जड जात होतं. ओरडली असती तर उत्तर देता आलं असतं, निदान मान खाली घालता आली असती. अंथरुणावर पडल्यावर त्याला वाटलं, आता तिच्या हातावर हात ठेवावा. पण तो हात कुणाचा वाटेल तिला, हे त्याला कळेना, म्हणून त्यानं तो स्वतःच्याच छातीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आख्खा दुसरा अंक झाला, नवी त्याच जागी अडली, त्यानं शब्द दिला. दादांनी मफलर काढून खुर्चीवर टाकला. "काय पुटपुटे? प्रयोग तोंडावर आला. झालं का हिचं?"

"नाही," तो म्हणाला. "कच्चं आहे."

आपल्या तोंडून खोटं इतक्या सहज येईल असं त्याला वाटलं नव्हतं. रात्रभर त्यानं याहून मोठी वाक्यं रचली होती, त्यांतलं एकही आलं नाही.

"आख्खा अंक घडाघडा म्हणते, आणि कच्चं?"

"त्या जागी कच्चं आहे."

दादांनी त्याच्याकडे पाहिलं, मग नवीकडे, आणि ते हसले. "हरकत नाही. ते मी पक्कं करून घेतो. चला मंडळी, आज सुट्टी. एकांत." मंडळींनी डबे आणि पिशव्या उचलल्या. म्हाताऱ्या मोलकरणीचं काम करणारी बाई नवीच्या गालाला हात लावून म्हणाली, "झालीस गं बाई मोठी," आणि निघून गेली. जिन्यातून पावलं उतरत गेली. नवी टेपच्या दिवाणखान्यात उभी होती. प्रॉम्प्टर स्टुलावर होता.

"तुम्हीही निघा," दादा म्हणाले.

"शब्द लागेल तिला."

"मी देईन की."

"तुम्हालाही लागतो हल्ली," तो म्हणाला. "पहिल्या अंकात. दोनदा."

हे फक्त त्या दोघांना माहीत होतं, आणि चारचौघांत काय, दोघांतही कधी बोललं गेलं नव्हतं. दादांचा चेहरा क्षणभर खरोखर म्हातारा दिसला. प्रॉम्प्टरला वाईट वाटलं. कुणाचं वर्म काढायचा त्याचा स्वभाव नव्हता. "बसा मग," दादा म्हणाले. "पण तोंड उघडू नका."

प्रवेश सुरू झाला. दादांचा आवाज अजूनही तसाच होता, खालच्या पट्टीत उतरताना कानाला ऊब देणारा. इतकं सगळं कळूनही प्रॉम्प्टरच्या आत काहीतरी सैल पडायला लागलं, मागच्या रांगेतला तो पोरगा खांबामागून मान काढून बघू लागला. हा आवाज आपल्याला विचारेल तर आपणही थांबू, असं त्याला वाटलं, आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली. "आज थांबशील?" दादांनी विचारलं. विराम आला. नवीनं विंगेकडे पाहिलं. त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं. आज बोटं आत वळली होती.

त्याच्या समोर पान होतं. विरामापुढचा शब्द होता आणि त्याच्यापुढे कंस. कंसातलं प्रॉम्प्टर कधी वाचत नाही. ते नटांनी करायचं असतं, बोलायचं नसतं. त्यानं शब्द गाळला आणि कंस मोठ्यानं वाचला.

"तो उठतो."

दादा उठत होतेच. ते चमकले. "कंस नका वाचू."

"तो तिच्या जवळ जातो," प्रॉम्प्टरनं वाचलं. त्याचा आवाज सपाट होता, त्याला दुसरा आवाजच नव्हता. त्या आवाजात दिवाणखाना दिवाणखाना राहीना. खालच्या दुकानातलं कपाट कुठून उचलायचं आणि कुठे टेकवायचं ते हमालांना सांगावं, तसं सगळं ऐकू येऊ लागलं. "तो तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतो. तो ते न बघता बाजूला ठेवतो. तो तिची हनुवटी वर करतो."

नवीच्या नाकातून हसू फुटलं. तिनं तोंडावर हात घेतला, पण ते थांबेना. दादांचा पुढे आलेला हात मध्येच घोटाळला.

"पुटपुटे, गप्प बसा," ते म्हणाले, आणि तेवढ्यात हात पुढे केला, रोजच्या सवयीनं, काम पुरं करायला.

पुढची ओळ छापलेली होती : ती मागे सरकत नाही. त्यानं ती आजवर इतक्यांदा पाहिली होती, की ती आता अक्षरं राहिली नव्हती, कागदावरचा डाग झाली होती. जन्मात त्यानं कुणाचा एक काना बदलला नव्हता.

"ती मागे सरकते," त्यानं वाचलं.

नवीचं हसू थांबलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि ती मागे सरकली.

"असं लिहिलेलं नाही," दादा म्हणाले.

"नाही," तो म्हणाला. "लिहिलेलं नाही." आणि कागदावर बोट ठेवून, जणू तिथे ओळीमागून ओळ छापलेलीच आहे अशा चालीत, त्याच सपाट आवाजात तो पुढे वाचू लागला. "ती पिशवी उचलते. ती चपला घालते. ती दाराकडे जाते. ती दार उघडते."

दार उघडलं. जिन्यातला पॉलिशचा वास आत आला, आणि नवीची पावलं आधी सावकाश, मग भराभर उतरत गेली. दादा खुर्चीच्या हाताला धरून उभे होते, आता काय म्हणायचं ते न सुचून विंगेकडे बघत. त्यांची बोटं पंपशूत आवळलेली त्याला दिसली. त्यांना शब्द हवा होता. प्रॉम्प्टरनं पानावर पाहिलं, पण पुढचं वाक्य त्यालाही येत नव्हतं.